गहू न दळणारी गिरणी

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात पिठाची गिरणी शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. दोन गल्ल्या ओलांडल्या की एक गिरणी आहेच. गीताबाईची गिरणी मात्र विचारत विचारत गाठावी लागते, अन् विचारलं की सांगणारा माणूस आधी उलटा सवाल करतो, "दळण कशाचं हाय?" ज्वारीचं म्हटलं तर तो गाडीवरून उतरून, हात लांब करून रस्ता दाखवतो. गव्हाचं म्हटलं तर हसतो. "मग तिकडं कशापायी जाता? ती बाई गव्हाला हात लावत नाय."

ही गोष्ट त्या बाईची, अन् तिनं एकदा गव्हाला हात लावला त्याची.

गीताबाई फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन बजाजनगरात आली तेव्हा तिचे मालक, कारभारी, वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होते. पुढं तो कारखाना बंद पडला. बरोबरीच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी जाऊन म्हशी बांधल्या. कारभारींनी पुंडलिकनगरात एक चालती गिरणी घेतली.

कारभारी मनाचे चांगले, अंगाचे कष्टाळू, पण डोकं एका जागी टिकेल तर शपथ! गिरणी घेतली त्याच वर्षी त्यांनी पुढच्या बाजूला झेरॉक्सचं यंत्र मांडलं. पिठाच्या गिरणीत झेरॉक्स! कुणाचा सातबारा, कुणाचं आधार कार्ड, हातात देताना आधी कागद झटकावा लागायचा. त्या यंत्रानं आत इतकं पीठ ओढलं, की दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं अन् म्हणाला, "काका, यात आता ऊन पाणी घाला आणि भाकरी थापा." ते गेलं, तर कोपऱ्यात मिरची कांडायचं यंत्र आलं. दळणाला आलेल्या बाया शिंकून शिंकून बेजार. शेजारच्या द्वारकाबाई एक दिवस डबा घेऊन परत आल्या अन् उंबऱ्यातूनच ओरडल्या, "गीता, आमच्या ह्यांनी भाकर तोंडात घातली अन् मला विचारलं, आज ठेचा पिठातच कालवला का!"

गीताबाई या सगळ्यात नुसती पळत होती. इकडं गहू टाक, तिकडं ज्वारी काढ, मधेच डाळीचं बेसन, मधेच कुणाचा मोबाईल रिचार्ज. गव्हाला दगड एका अंतरावर लावावे लागतात, ज्वारीला दुसऱ्या. दर डब्याला चाक फिरवून ते जवळ-लांब करायचे. पळापळीत कधी फिरवलं जायचं, कधी राहून जायचं.

त्याच सुमारास तिची आई साळूबाई चार दिवस राहायला आली. म्हातारीची हयात चुलीपुढं गेलेली. तिनं लेकीच्या घरी परातीत पीठ घेतलं, ऊन पाणी घालून मळलं, थापायला लागली, तर भाकर कडेनं फाटायला लागली. ज्वारीच्या पिठात एक चिकटपणा असतो, त्याला आपल्याकडं विरी म्हणतात. दगड तापून पीठ गरम निघालं की विरी जाते, आणि मग कितीही निगुतीनं थापा, भाकर परातीतच मोडते. साळूबाईनं ते तुकडे लेकीपुढं धरले.

"गिरणीवालीच्या घरचं पीठ व्हय हे? तुला लई काय काय येतंय गं बाई. त्यातलं एक तरी धड येतंय का?"

साळूबाई गावी गेली. बोलणं मात्र इथंच राहिलं. गीताबाईला ते भांडी घासताना ऐकू यायचं, झोपताना ऐकू यायचं. शेवटी एका सकाळी तिनं मिरचीचं यंत्र उचलून न्यायला माणूस बोलावला, अन् कारभारींना सांगितलं, उद्यापासून गहू बंद, डाळ बंद. ज्वारी अन् बाजरी, बास.

"गहू बंद?" कारभारी हातातला चहा विसरले. "अगं, गव्हाशिवाय गिरणी चालती का कुठं? लोक येडी म्हणतील तुला."

"म्हणू द्या. येडीकडं पीठ तरी चांगलं मिळंल."

कारभारी काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. डबे मात्र उचलत राहिले. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा तीही त्यांनीच रंगवली: 'ज्वारी, बाजरी. गहू विचारू नये.'

गिऱ्हाईक आधी तुटलं. मग हळूहळू जमायला लागलं, अन् जमलं ते लांबून लांबून. हर्सूलच्या बाया दोन दोन डबे एकदम आणायच्या. बजाजनगरची जुनी शेजारीण नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून यायची. या बाईच्या पिठाची भाकर पातळ थापता येते अन् संध्याकाळपर्यंत मऊ राहते, एवढं एकच कानोकानी गेलं.

काम करताना गीताबाईला बघावं. वरच्या पेटीत ज्वारी ओतली की तिचा उजवा हात खाली पिठाच्या धारेत. अंगठा अन् बोट यांच्यामध्ये पीठ सारखं चोळून बघायची. कान दगडाकडं. पेटीतलं धान्य संपत आलं की आवाज पातळ होतो; तेवढ्यात दुसरं टाकलं नाही तर दगडावर दगड घासतो अन् पिठात कच येते. म्हणून दळण चालू असताना ती बोलायची नाही. नवी गिऱ्हाईकं समजायची की बाई मुकी आहे. एकदा तिच्या नात्यातले एक पाहुणे लग्नाची पत्रिका अन् अक्षता घेऊन आले. दळण चालू होतं. हिनं मानेनं "या" म्हटलं आणि नजर परत पिठावर. पाहुणे बिचारे अक्षता मुठीत धरून भिंतीला टेकले. डबा संपला, बटण बंद झालं, तेव्हा पदराला हात पुसून ती वळली अन् म्हणाली, "बोला दाजी, कुणाचं लगीन?" दाजींनी ही गोष्ट पुढं त्याच लग्नात पंगतीला सांगितली.

लुबना आली ती अशीच दळण चालू असताना. स्कूटीवर, पार किराडपुऱ्यातून. एका शाळेत लहान पोरांना शिकवायची. तोंडाला ओढणी बांधून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मोटार बंद झाली तशी म्हणाली, "मावशी, इथं खरंच गहू दळत नाय?"

"नाय."

"कधीच नाय?"

"पाटी वाचली नाय का?"

"पढी ना. पण लोक पाटीवर काहीपण लिहितात."

गीताबाईला राग आला. पण त्या बाईच्या आवाजात भांडण नव्हतं. लुबनानं सांगितलं ते असं: तिची मुलगी सगीरा हिला वर्षानुवर्षं खाल्लेलं अंगी लागेना. पोट फुगायचं, जुलाब, रडारड, हातापायाच्या काड्या. नजर उतरवून झाली, जंताची औषधं झाली. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, की या मुलीच्या आतड्याला गहू सोसत नाही. जन्मभर सोसणार नाही. पोळी नको, ब्रेड नको, बिस्किट नको. अन् एवढ्यावर भागत नाही. ज्या गिरणीत गहू दळतात, तिथली ज्वारीसुद्धा नको.

"एवढ्याशा गव्हानं कुणी आजारी पडतं व्हय?" गीताबाई म्हणून गेली.

लुबनानं मोबाईल काढला अन् सगीराचा आजारातला एक फोटो पुढं धरला. गीताबाईनं तो बघितला, मोबाईल परत दिला. डबा हातातून घेतला.

त्यानंतर लुबनाचा डबा दर आठवड्याला यायचा. सकाळचं पहिलं दळण तिचं, हे ठरून गेलं. ती डबा ठेवून शाळेत जायची, दुपारी घेऊन जायची. कधी सगीराही बरोबर असायची. अंगानं भरत चालली होती. एकदा तिनं गीताबाईला रंगात येऊन सांगितलं, की मामाच्या लग्नात सगळ्यांच्या ताटात नान खलिया होता. सगळे नान मोडून रश्शात बुडवत होते, अन् ती घरून फडक्यात बांधून आणलेली भाकर बुडवत होती. "सगळे माझ्याकडंच बघत होते, नानी. मग मामूनंपण माझी अर्धी भाकर मागून घेतली!" गीताबाईला कुणी नानी म्हटलं ते पहिल्यांदाच.

त्या पोरीनं गिरणीचं रूपच पालटलं म्हणा ना. आधी गहू नव्हता तो पीठ चांगलं निघावं म्हणून. आता गीताबाई प्रत्येकीचा डबा उघडून आत बोट फिरवायची. ज्वारीत गव्हाचा दाणा दिसला की डबा परत.

"आता डब्याचं बी आधार कार्ड आणू का गं?" द्वारकाबाई चिडून म्हणायच्या.

"आणा. पण डबा आधी पुसून आणा."

अशी काही वर्षं बरी गेली. कारभारींच्या डोक्यातल्या कल्पना मात्र नुसत्या निजल्या होत्या, मेल्या नव्हत्या. त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या मित्राचा मुलगा सुयश, बजाजनगरात कामगारांची मेस चालवायचा. दोन वेळच्या पोळ्यांना त्याला रोज पोतंभर ताजं गव्हाचं पीठ लागायचं. तो कारभारींना म्हणाला, काका, तुमच्यासारखं पीठ कुणाचं नाय, माझं कायमचं काम घ्या. नेमका शेजारचा टेलर गाळा सोडून गेला होता. कारभारींना रात्रभर झोप नाही.

गीताबाईनं सरळ नाही म्हटलं. एरवी कारभारी फुरंगटून बसले असते. या खेपेला ते तिच्यासमोर बसून राहिले. खाली बघत म्हणाले, "तुझ्या म्हणण्यानं सगळं केलं. डबे उचलले, पाटी रंगवली, तुझं नाव झालं त्याचा मला आनंदच हाय. पण लोक मला काय म्हणतात ठावं का? गीताबाईचा हमाल. माझंबी एक काम असू दे की."

हे तिच्या जिव्हारी लागलं. हट्टाला ती हट्टानं उत्तर देऊ शकली असती, पण हा हट्ट नव्हता. तिनं अटी घातल्या. गव्हाची गिरणी पलीकडच्या गाळ्यात, मधे भिंत. कुंचा वेगळा, चाळणी वेगळी, डबे वेगळ्या रंगाचे. गव्हाचं सगळं कारभारींनी बघायचं. ती त्या गाळ्यात पाय ठेवणार नाही.

पंधरवडाभर तसंच चाललं. मग पीठ पोचवायला बजाजनगरला कोण जाणार, हा प्रश्न आला. कारभारी टेम्पो घेऊन गेले की इकडं गव्हाची मोटार कुणी बघायची? गीताबाई भिंतीपलीकडं जायला लागली. जाताना अंगावर वेगळं सुती जाकीट चढवायची, येताना उतरवून हात धुवायची. पुढं पुढं हात धुतलेत की नाहीत, हे तिलाच आठवेना. ज्वारीच्या दगडापुढं उभी असली तरी कान भिंतीपलीकडं. वर सुयशचे फोन. पीठ निघालं का, टेम्पो कुठं पोचला, उद्या अर्धं पोतं जास्त लागंल. हर्सूलच्या एका बाईनं हलक्या आवाजात सांगितलं, "गीताबाई, मागच्या खेपेचं पीठ जरा गरम निघालं होतं का?" गीताबाई म्हणाली, "बघते." तिनं काही बघितलं नाही.

मग तो दिवस आला. नळाला पाणी यायचा दिवस, म्हणजे घरोघर धांदल. कारभारींनी सकाळी टेम्पो भरता भरता गव्हाचे दोन डबे ज्वारीच्या गाळ्याच्या दारात ठेवले, अन् पाण्याची टाकी भरायला पळाले, तिथून तसेच बजाजनगरला. लुबना पहाटेच डबा ठेवून गेली होती. रोज पहिलं होणारं तिचं दळण त्या दिवशी मागं पडलं, कारण गीताबाई पलीकडच्या गाळ्यात पट्टा निसटला तो बसवत होती. ती घामाघूम होऊन इकडं आली, मोटार चालू केली, तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, पीठ कुठंय? पोळ्यावाल्या बाया हात बांधून बसल्यात इथं!"

"निघाले रे बाबा, काका निघाले." फोन तिनं कान अन् खांदा यांच्यात धरला. हातांनी समोरचा डबा उचलला. त्या हातांना इतक्या वर्षांत एकच पेटी माहीत होती. डबा उचलला की तिच्यातच ओतायचा. तो गव्हाचा होता.

गहू दगडाखाली गेला की वेगळा आवाज येतो. एरवी तिला तो झोपेतही कळला असता. पण कानात सुयश बोलत होता. हात खाली धारेत गेला, अंगठ्याला पीठ लागलं, तेव्हा ती दचकली. बटण बंद केलं. पेटीतला गहू उपसला, दगडाभोवतीचं झाडलं, कापडी नळी झटकली, ओंजळभर ज्वारी दळून बाहेर टाकून दिली. पुन्हा फोन. पुन्हा सुयश. बोलता बोलता तिनं पुढचा डबा ओतला. दळला. भरून ठेवला. तो लुबनाचा होता.

लुबना दुपारी आली तेव्हा गीताबाई पलीकडं होती. हात वर करून तिनं "घेऊन जा" अशी खूण केली. लुबनाही घाईत होती. हसली, डबा स्कूटीच्या पायाशी ठेवला अन् गेली.

बऱ्याच वेळानं कारभारी परतले, दोघं जेवायला बसली. गीताबाईनं भाकर मोडली. घास तोंडाशी नेला, अन् हात तसाच राहिला.

"काय झालं?" कारभारींनी विचारलं.

"गव्हानंतर कुणाचं दळलं मी?"

कारभारींना आधी काही कळेना. कळलं तेव्हा ते म्हणाले, "झाडून घेतलं नव्हं? मग चिमूटभर राहिलं असंल. चिमटीनं काय होतंय?"

"तिला चिमटीनंच होतंय."

तिनं फोन लावला. लुबना उचलेना. गीताबाई उठली, पायात चप्पल सरकवली. कारभारी ताटावरून उठले, अन् गाडी काढली.

लुबनाचं घर पहिल्या मजल्यावर. दार उघडंच होतं. गीताबाईला बघून लुबनाचा चेहरा फुलला. "अरे, मावशी! तुम्ही? आज कसं काय? या ना, बसा. सगीरा, नानी आली बघ, पानी ला!"

सगीरा तांब्या घेऊन आली. तिच्या ओठाला डाळ लागलेली होती.

"जेवली का ही?" गीताबाईनं उभ्यानंच विचारलं.

"आत्ताच. ताजं पीठ होतं, गरम गरम भाकर केली. दीड खाल्ली आज. का?"

गीताबाईनं सांगितलं. डबा कुठं होता, फोन कुणाचा होता, काय ओतलं, किती झाडलं. मधे कुठंही थांबली नाही, अन् काही लपवलं नाही. कारभारी दारात होते. ते म्हणाले, "डबे मी तिथं ठेवले होते, बाई. चूक माझी."

"ओतले मी," गीताबाई म्हणाली.

लुबनानं स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. तो डबा आणून तिनं दाराबाहेर ठेवला. परातही उचलून बाहेर ठेवली. मग भिंतीला टेकून उभी राहिली.

"अम्मी," सगीरा म्हणाली, "मी परत आजारी पडणार?"

"आत जा बेटा."

"पण मला कळलंच नाय. भाकर तर चांगली लागली."

"आत जा बोलली ना."

पोरगी आत गेली. लुबनानं आतलं दार ओढून घेतलं. बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, अन् गीताबाईला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही सांगायला आल्या, मावशी. दुसरं कुणी आलं नसतं, मला ठाऊक हाय. पण मी बाजारातलं एक बिस्किट आणत नाय घरात. दुकानदार, मैत्रीण, सासर, कुणावर भरोसा नाय ठेवत. तुमच्यावर ठेवला. डबा ठेवून निघून जायची मी, मागं वळूनपण नाय बघायची. आता माझा हात नाय उचलणार."

गीताबाईनं मान हलवली. डबा उचलला अन् जिना उतरली.

सगीराला रात्रीपासून उलट्या सुरू झाल्या. मग पोट. शाळा बुडली, चेहरा उतरला. गीताबाई रोज फोन करून विचारायची. लुबना दोन शब्दांत सांगायची. पोरगी उठून बसली, खायला लागली, तेव्हा लुबनानं सांगितलं, "आता बरी हाय. आता रोज फोन नका करू, मावशी." गीताबाईनं केला नाही.

गव्हाची गिरणी बंद करा, हे तिला सांगावं लागलंच नाही. किराडपुऱ्याहून आल्या आल्या कारभारींनी सुयशला फोन लावला. सुयश आधी समजूत घालत होता, मग चिडला. "काका, बायकांचं ऐकून धंदा होत नसतो."

"खरंय बाबा," कारभारी म्हणाले. "आधी माझंच ऐकून बघितलं. तवाबी झाला नाय."

सुयशनं ती गिरणी शेवटी स्वतःच्या मेसमध्ये नेऊन बसवली. गाळा रिकामा झाला. गिरण्यांच्या दगडांना टाकी लावणारे नूरमोहम्मद हर्सूलकडून आले. दगड गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा खाचा पाडायच्या, त्याला टाकी लावणं म्हणतात. त्यांनी वरचा दगड उचलून बाजूला केला, त्यावरून तळवा फिरवला अन् म्हणाले, "बाई, टाकी अजून चांगली हाय. आणखी चालंल. फुकट कशाला दगड झिजवता?"

"सगळं तोंड तासून काढा, चाचा. जुनं काही राहू देऊ नका."

"दगडाचं वय कमी होतं त्यानं."

"होऊ द्या."

नूरमोहम्मद सबंध दुपार ठोकत बसले. गीताबाई तेवढ्या वेळात पेटी, नळी, पत्रा, भिंती, छताची जाळी धूत राहिली. कापडी नळी फेकून नवी शिवली. निघताना नूरमोहम्मदांनी बजावलं, "नव्या टाकीची कच निघंल. पहिलं दळण कुणाला देऊ नका." तिनं स्वतःच्या घरची ज्वारी दळली आणि फेकून दिली, दुसऱ्यांदा दळली आणि तीही फेकली.

मोबाईल आता कारभारींच्या खिशात असायचा. गिरणीत आणायचा नाही. गिऱ्हाईकं होती तशीच होती, पीठ पहिल्यासारखं निघत होतं, हर्सूलच्या बाईनं तर मुद्दाम येऊन तसं सांगितलं. पण सकाळी मोटार चालू करताना गीताबाई थोडी थांबायची. पहिलं दळण कुणाचं, हे आता कुणीही ठरवावं, असं झालं होतं. कधी ती कारभारींना म्हणायची, "पोरगी काय खात असंल हो?" कारभारी म्हणायचे, "आई हाय तिची. उपाशी थोडीच ठेवंल." अन् दोघांनाही त्या उत्तरानं समाधान व्हायचं नाही.

लुबना आली ती दोन-अडीच महिन्यांनी. स्कूटी लावली, ओढणी तोंडाला बांधली, डबा घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. दळण चालू होतं. पहिल्या दिवसासारखीच थांबली. मोटार बंद झाली.

"घरात छोटी चक्की घेतली," ती दुसरीकडं बघत म्हणाली. "भाकर मोडते. सगीरा खात नाय. भातावरच हाय."

"पीठ तापत असंल त्यात."

"तापतं." ती थोडी थांबली. "डबा मी स्वतः ओतणार. अन् दळण होईपर्यंत इथंच उभी राहणार."

"ओत," गीताबाई म्हणाली अन् बाजूला झाली.

तेव्हापासून लुबना यायची अन् दगडाच्या बाजूला उभी राहायची. आधी पेटीत डोकावायची, बोटानं कोपरे पुसून बोट उजेडात धरायची. मग ज्वारी ओतायची. पिठाची धार पडत असे तेवढा वेळ तिची नजर गीताबाईच्या हातावर असायची. द्वारकाबाईंना ते बघवेना. "पोलीस बसवलाय जणू तुझ्यावर! मी असते तर डबा रस्त्यात फेकला असता."

"तुमची पोर आजारी पाडली असती मी, तर तुम्ही मला रस्त्यात फेकलं असतं," गीताबाई म्हणाली. द्वारकाबाईंनी लुबनाला बसायला स्टूल पुढं सरकवलं. लुबना बसली नाही.

सगीरा भाकर खायला लागली होती, एवढं लुबनानं सांगितलं. सगीरा गिरणीवर मात्र येत नव्हती.

हिवाळा सरत आला. एका सकाळी लुबना घाईत आली. पेटीत डोकावली नाही, बोट फिरवलं नाही. डबा दगडाशेजारी ठेवून म्हणाली, "मावशी, शाळेत मीटिंग हाय. टाका तुम्ही. मी दुपारी घेऊन जाते."

कारभारींनी चमकून बायकोकडं बघितलं. याच वाक्याची इतके महिने वाट बघितली होती त्या घरानं.

गीताबाईनं डब्याला हात लावला नाही. "मीटिंग करून ये. मग टाकू."

"अहो, उशीर होईल. तुम्ही टाका ना. मी बोलले ना आता."

"तू बोललीस. पण तू उभी असलीस की माझं चित्त इकडं तिकडं जात नाय. तू नसलीस की काय होतं, ते मला अजून ठावं नाय. ये सावकाश. तोवर याचं झाकण निघणार नाय."

लुबना तिच्याकडं बघत राहिली. स्कूटी चालू करून गेली.

दिवसभर बाया आल्या, डबे दळून गेले. लुबनाचा डबा झाकण लावून फळीवर होता. दुपार कलली तशी स्कूटी थांबल्याचा आवाज आला. लुबना आत आली अन् तिच्या मागून सगीरा, दप्तर पाठीवर, तोंडाला रुमाल बांधलेला. पोरीनं गीताबाईकडं बघितलं नाही. ती सरळ पेटीपाशी गेली, टाचा उंच करून आत डोकावली, बोट फिरवलं, उजेडात धरून बघितलं. मग आईला म्हणाली, "साफ हाय."

लुबनानं डबा ओतला. गीताबाईनं बटण दाबलं अन् हात धारेखाली धरला. दळण संपेपर्यंत तिघींतलं कुणी बोललं नाही.